अरण्याचा योगक्षेम

(मठाच्या वर्धापनदिनी पाठशाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आपल्या पाठशाळेत बालवर्गापासून अमरकोश पाठ करवून घेतला जातो. त्याच्या दुसऱ्या कांडातील वनौषधिवर्ग हा वृक्ष-वेलींच्या नामावलीचा मोठा संग्रह होय. त्यात मोहाच्या झाडाला मधूक, गुडपुष्प, मधुद्रुम अशी नावे दिलेली असून 'वानप्रस्थ' हेही त्याचे एक नाव सांगितले आहे. विद्यार्थी ही नावे अस्खलित म्हणतात. तथापि मोहाचे झाड समोर उभे केले, तर ते ओळखणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच निघेल. या सभागृहापासून पूर्वेला दोन-अडीच तासांच्या प्रवासाच्या अंतरावर, जांबुघोडा व छोटाउदेपूरच्या डोंगरांत, मोहावर वर्षाचे काही महिने काढणारी राठवा व नायक कुटुंबे राहतात. त्यांना अमरकोश ठाऊक नाही. पण कोणत्या झाडाचा बहर कधी येईल हे त्यांना अचूक ठाऊक असते. एकाच वस्तूचे हे दोन प्रकारचे ज्ञान परस्परांपासून इतके दूर राहावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी अरण्य आणि अरण्यवासी यांचा विषय आपणापुढे मांडण्याची अनुज्ञा मी घेतली.

या विषयाकडे पाहण्यासाठी आपल्या परंपरेतील एक शब्द मला फार उपयोगी वाटतो. तो म्हणजे योगक्षेम. जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग. जे मिळालेले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. आचार्यांनी केलेला हा अर्थ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अरण्याच्या बाबतीत असे घडत आले की, योग एकाच्या वाट्याला आला आणि क्षेमाचा भार दुसऱ्यावर पडला. लाकूड शहराने नेले, बांबू कारखान्याने नेला, देखावा प्रवाशाने पाहिला. आणि वन राखण्याचा उपदेश मात्र त्या वनात अर्धपोटी राहणाऱ्याला करण्यात आला. योग आणि क्षेम हे दोन्ही एकाच हाती आले म्हणजेच अरण्य टिकते, हे माझे प्रतिपाद्य आहे.

प्रथम वडोदऱ्याचे या अरण्याशी असलेले नाते पाहू. आपल्या नगराच्या मध्यातून वाहणारी विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आजव्याच्या सरोवराचे पाणी नगरात आले; त्या सरोवरालाही पूर्वेकडूनच पाणी येते. पावागडच्या पलीकडे सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्राचे जांबुघोडा अभयारण्य आहे. ते १९९० साली घोषित झाले. त्याच्याही पूर्वेस, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून, अस्वलांसाठी प्रसिद्ध असलेले रतनमहाल अभयारण्य १९८२ साली स्थापन झाले. पानम नदीचा उगम त्याच डोंगरांत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने आपल्या नगराची कशी दैना केली, ते येथे बसलेल्या अनेकांनी स्वतः अनुभवले आहे. पुराची कारणे अनेक असतात. पात्रातील बांधकामे व बुजलेले ओढे यांचा दोष काही लहान नाही. तरीही उगमाकडील डोंगर वृक्षांनी झाकलेला असला म्हणजे पावसाचा वेग पालापाचोळ्यात मोडतो, माती जागची हलत नाही आणि काही पाणी जमिनीत मुरते, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. तेव्हा पूर्वेकडील वनाचा प्रश्न हा परक्याचा प्रश्न आहे, असे वडोदऱ्याच्या नागरिकास म्हणता यावयाचे नाही.

आता त्या वनातील जीवनाचे एक उदाहरण घेऊ. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटेच्या वेळी गळतात. बायका व मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघतात. कोणते झाड कोणत्या कुटुंबाचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाने ठरलेले असते. फुले वाळवून ठेवतात, खातात, विकतात. पुढे बियांचे, म्हणजे गुजरातीत जिला डोळी म्हणतात तिचे, तेल काढतात. पेरणीपूर्वीच्या रिकाम्या महिन्यांत घरात येणारा पैसा तो हाच. परंतु याच उद्योगात एक अनर्थही दडलेला आहे. फूल पाचोळ्यात दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची चाल आहे. ती आग अनेकदा पुढे सरकते आणि कोवळी रोपे, गवत, पक्ष्यांची घरटी जाळून टाकते. आज मिळणाऱ्या फुलांसाठी उद्याचे मोहाचे रोपच नष्ट होते. यावरचा उपाय अवघड नाही. पाला झाडून दूर करावा, किंवा झाडाखाली कापड वा जाळी पसरावी. पण हा जादा श्रम माणूस केव्हा घेईल? ज्या झाडाखाली आपण उभे आहोत ते उद्याही आपलेच असेल, असा भरवसा त्याला असेल तेव्हा. हा भरवसा उपदेशाने येत नाही, अधिकाराने येतो.

तो अधिकार कसा गेला, याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात वनांची विभागणी आहे. तपस्व्यांची वने, राजाच्या विहाराचे मृगवन, लाकूड इत्यादी द्रव्यांचे द्रव्यवन आणि हत्तींचे हस्तिवन असे प्रकार तेथे येतात. म्हणजे वनावर राज्याची दृष्टी पूर्वीही होतीच. परंतु संपूर्ण अरण्य कागदावर सरकारची मालमत्ता ठरवून, त्यातील रहिवाशाचा हक्क सवलतीच्या पायरीवर उतरविण्याचे काम इंग्रजी अमदानीत १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी केले. जो काल रखवालदार होता तो आज चोर ठरला, आणि ज्याला चोर ठरविले त्याने रखवाली सोडून दिली. १९२७ च्या कायद्यात ग्रामवनाची तरतूद अठ्ठाविसाव्या कलमात होती. पण तिचा उपयोग फारच थोड्या ठिकाणी झाला. स्वातंत्र्यानंतरही ही घडी पुष्कळ काळ तशीच राहिली.

बदलाचा आरंभ १९९० मध्ये झाला. त्या वर्षीच्या जून महिन्यात केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. १९९१ मध्ये गुजरातने व १९९२ मध्ये महाराष्ट्राने आपापले ठराव केले. गावाने समिती स्थापून वन राखावे आणि गवत, गौण उपज व पुढे लाकडाच्या उत्पन्नाचा हिस्सा घ्यावा, अशी ती योजना. तिने अनेक उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या, हे श्रेय तिला दिले पाहिजे. पण समितीचे जीवन वनखात्याच्या मर्जीवर अवलंबून होते. गाव भागीदार झाले खरे, परंतु धाकटे भागीदार. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि तो २००७ च्या अखेरीस अमलात आला. या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. बांबूला गौण वनोपजांत स्पष्टपणे गणले. आणि अभयारण्यांतील गावांनाही आपल्या कक्षेत घेतले. क्षेम आणि योग यांची फारकत मिटविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

कायदा पुस्तकात राहतो की गावात उतरतो, हे पाहण्यासाठी आपणांस महाराष्ट्रात जावे लागेल. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा, ज्यास मेंढा-लेखा म्हणतात, हे गोंडांचे छोटे गाव आहे. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा सर्वत्र प्रसिद्ध आहे. ही घोषणा ऐकून कोणास वाटेल की, गाव भांडखोर असावे. वस्तुस्थिती उलट आहे. तेथील ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय पुढे चालू ठेवतात. स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसतात. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. श्री. देवाजी तोफा आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत.

या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळाला, तरी बांबू विकता येईना. कारण बांबू हे झाड की गवत, हा वाद घालून वाहतुकीचा परवाना अडविण्यात आला होता. वैयाकरणांच्या सभेत शोभावा असा हा वाद! परंतु त्यावर शेकडो माणसांची भाकरी अवलंबून होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांनी स्वतः मेंढ्यास येऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण ठरविलेल्या रीतीने विकला आणि त्याचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा झाला. बांबूच्या बेटात यंदाचे व गेल्या वर्षीचे कोंब राखून जून बांबू तोडला, तर बेट वर्षानुवर्षे चालते. ठेकेदाराच्या मजुराला हा संयम परवडत नाही, कारण पुढच्या वर्षी तो तेथे नसतो. गावकऱ्याला तो परवडतो. अधिकाराचा व संयमाचा संबंध याहून स्पष्ट रीतीने दाखविता येणार नाही. पुढे २०१३ मध्ये या गावाने आपल्या शेतजमिनीही ग्रामदान म्हणून ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट मला याहूनही मननीय वाटते. २०१२ मध्ये त्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर वनावर हक्क मिळाला. त्या मुलखात तेंदूपाने हे रोख पैशाचे मोठे साधन. पण पान कोवळे यावे म्हणून झुडपे छाटतात, आगी लावतात. त्यामुळे तेंदूला फळ धरत नाही आणि माणसे व पाखरे दोघेही उपाशी राहतात. पाचगावने विचार करून तेंदूपाने तोडणेच बंद केले, बांबूवर भर दिला आणि वनाचा एक भाग देवराईप्रमाणे अस्पर्श राखला. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे. हातचा पैसा सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही अधिकाऱ्याने लादलेला नव्हता. लादला असता, तर तो एक वर्षही टिकला नसता.

तिसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरचे. या कोरकू गावाला २०१२ मध्ये मिळालेले वन दोनशे हेक्टरांहूनही कमी, आणि तेही उजाड. गावाने चर खणले, झाडे लावली, गुरांची चराई नियमात आणली. काही वर्षांत तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात जाऊ लागली, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी संलग्न असलेला जैवविविधता पुरस्कार गावास लाभला. चांगले वन मिळाले म्हणून राखले, असे मेंढ्याविषयी कोणी म्हणेल. पायविहीरने तर माळ मिळाला आणि त्याचे वन केले.

यावर कोणी शंका घेईल की, अशी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इतरत्र दुफळी आहे, अतिक्रमण आहे, ठेकेदाराशी संगनमत करणारे पुढारी आहेत. ही शंका खोटी नाही. कित्येक गावांचे दावे धूळ खात पडले आहेत, आणि कित्येकांना कागद मिळूनही पुढची वाट सापडलेली नाही. तथापि या तीन गावांत कोणता समान धागा आहे, ते पाहावे. तिन्ही ठिकाणी सारे गाव एकत्र बसले, नियम स्वतः केले, हिशेब उघडा ठेवला आणि ते मोडणाऱ्या आपल्याच माणसाला जाब विचारला. अधिकाराने वन आपोआप राखले जात नाही. पण अधिकारावाचून राखण्याची इच्छाच उत्पन्न होत नाही. आपला नेपाळी शेजारीही हेच सांगतो. तेथे १९९३ च्या वनकायद्यानंतर वीस हजारांहून अधिक गावसमूहांनी वने हाती घेतली आणि ओसाड पडलेल्या टेकड्यांवर पुन्हा झाडी उभी राहिली.

आता पर्यटनाचा विचार करू. आज सुटीच्या दिवशी नगरातील हजारो माणसे वनाकडे धाव घेतात. छोटाउदेपूरच्या वनात केवडी येथे वनखात्याने निवासस्थळ उभारले आहे. रात्री तेथे उडती खार पाहण्यासाठी लोक जातात. राजपीपळ्याच्या डोंगरांपाशी २०१८ मध्ये सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिल्यापासून त्या वाटेने प्रवाशांची रीघ लागली आहे. प्रवासी येतात म्हणजे पैसा येतो. पण तो कोठे जातो, हाच खरा प्रश्न आहे. जमीन बाहेरच्या धनिकाने घेतली, उपाहारगृह त्याचे, वाहन त्याचे, आणि गावकऱ्याच्या वाट्याला फक्त झाडलोट आली, तर जुन्या ठेकेदाराच्या जागी नवा ठेकेदार आला इतकेच. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबविले होते आणि नियम झाल्यावरच पुन्हा अनुमती दिली. गर्दीने वन्य जीवांचे जिणे कसे दुःसह होते, याची ही दखल होती.

याच्या उलट दोन उदाहरणे पाहा. केरळातील पेरियारच्या वनात दालचिनीची साल चोरून नेणाऱ्या टोळ्या होत्या. १९९८ च्या सुमारास त्यांतील लोकांनीच समिती स्थापन करून वाटाड्याचे काम पत्करले. चोरवाटा ज्यांना पाठ होत्या, तेच आता त्या वाटांवर गस्त घालू लागले आणि प्रवाशांना वन दाखवू लागले. नागालँडमधील खोनोमा गावाने त्याच वर्षी सुमारे वीस चौरस किलोमीटर क्षेत्रात शिकार बंद केली. शिकार हा तेथील पुरुषांचा पिढीजात अभिमान होता. तो त्यांनी आपण होऊन सोडला. आज प्रवासी तेथे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. दोन्ही ठिकाणी आधी वन राखण्याची व्यवस्था झाली, नंतर प्रवासी आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पर्यटन हे फळ आहे; त्याला मूळ समजून जमिनीत पुरले, तर झाड उगवत नाही.

विदुरनीतीत वन आणि वाघ एकमेकांना कसे राखतात, याचा दृष्टांत आहे. वाघ नसला तर वन तुटते, वन नसले तर वाघ मारला जातो. आज त्या दोघांच्या जोडीला तिसरा बसवावा लागेल, आणि तो म्हणजे वनाच्या काठावरचे गाव. त्याला वगळून केलेले कोणतेही रक्षण कुंपणाच्या खांबाइतकेच टिकाऊ असते.

प्रवाशानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. अतिथी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी आहे. आजचा प्रवासी तिथी ठरवून, पैसे भरून येतो; म्हणून तो स्वतःस ग्राहक समजतो आणि वाघ दिसला नाही तर पैसे बुडाले असे म्हणतो. पण वन ही काही दुकानात मांडलेली वस्तू नव्हे. तीर्थयात्रेला जाणाऱ्याला जसे नियम असतात, तसे वनयात्रेलाही असावेत. आवाज करू नये, कचरा मागे ठेवू नये, वाटाड्या स्थानिक घ्यावा, भोजन गावातल्या चुलीवरचे घ्यावे, आणि त्याची पूर्ण किंमत घासाघीस न करता द्यावी. एवढे पाळले, तरी पाहुण्याचे येणे गावाला जड वाटणार नाही.

शेवटी, या मठाने काय करावे, याविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करतो. उत्सवाच्या पंक्तीत आपण ज्या पत्रावळींवर प्रसाद वाढतो, त्यांचा विचार करू. पूर्वी त्या पळसाच्या पानांच्या असत. आता चकचकीत कागदाच्या आल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ढीग नाल्यात जातो. पंचामृताचा मध, श्रीखंडातील चारोळी, औषधशाळेतील हिरडा, बेहडा व आवळा, होमातील समिधा या साऱ्या वस्तू मुळात अरण्याच्या आहेत. त्या कोणत्या वनातून येतात, कोणी गोळा केल्या, त्याला काय मिळाले, हे आपण कधी विचारले नाही. माझी नम्र विनंती अशी आहे की, येत्या वर्षापासून पत्रावळी, द्रोण व मध छोटाउदेपूर-जांबुघोड्याकडील ग्रामसभांकडून अथवा तेथील स्त्रियांच्या मंडळांकडून थेट घ्यावेत, आणि दर त्यांनी सांगितलेला असावा. समिधा वाळलेल्या व गळून पडलेल्याच घ्याव्यात. तसेच पाठशाळेच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा, मोहाच्या बहरात, तेथे मुक्कामास जावे. वनौषधिवर्ग तेथील वडीलधाऱ्या माणसाच्या मागे चालत शिकावा, आणि त्या शिकविण्याची दक्षिणा त्याला द्यावी. गुरूला दक्षिणा देणे हा आपला नियमच आहे. गुरू कोण, एवढेच आपण नव्याने ओळखावयाचे आहे.

ही कामे लहान आहेत. पण बाजारातील एक गिऱ्हाईक जरी योग्य दर देऊ लागले, तरी झाडाखालचा पाला न जाळण्याचा श्रम एखाद्या कुटुंबाला परवडू लागतो, आणि त्या वर्षी त्या झाडाखालची रोपे वाचतात. मठाच्या पंक्तीस शेकडो पाने मांडली जातात. त्यांतील प्रत्येक पानामागे एक हात आहे, हे ध्यानात ठेवून आपण ती मांडू लागलो, तर योगक्षेम हा शब्द उच्चारण्याचा आपला अधिकार वाढेल.